साठ फॉर्म, एक पेन

मानसशास्त्राला येणारं प्रत्येक लेकरू एकच आशा घेऊन येतं. "सर, समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल ना?" मी "येईल की हळूहळू" म्हणतो, कारण प्रवेश तर झाले पाहिजेत. मग पुढ्यात संशोधन पद्धतीचा पेपर येतो. नव्या शैक्षणिक धोरणानं तो एम.ए.च्या पहिल्याच वर्षात आणून ठेवलाय, म्हणजे पळून जायलाही वेळ मिळत नाही. फ्रॉइड, स्वप्नं, संमोहन असलं काय काय मनात घेऊन आलेल्या पोरांना फळ्यावर प्रमाण विचलनाचं सूत्र दिसतं. गणित नको म्हणून आर्ट्सला आलेली ही मंडळी. एखादा धीट मागच्या बाकावरून विचारतोच, "सर, ह्यात मन कुठं हाय?"

आमचं कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडचं शेंबडं पोरही छाती काढून सांगतं, पण त्याचा खरा पुरावा फक्त मानसशास्त्रवाल्यांकडे आहे. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली ती जर्मनीत, लाइपझिगला. आणि एक आमच्याकडे आहे. तीत एक स्टॉपवॉच, म्युलर-लायरच्या भ्रमाची पट्टी (सारख्याच लांबीच्या रेषा लहान-मोठ्या दिसतात ती) आणि आरशात बघून चांदणी गिरवायचं उपकरण आहे. आरशाचा उपयोग गॅदरिंगच्या दिवशी सर्वांत जास्त होतो. चाचण्या, म्हणजे छापील प्रश्नावल्या, मागवायच्या आग्र्याहून. आग्रा म्हटलं की जगाला ताजमहाल आठवतो, आम्हाला आधी कोटेशन आठवतं.

लघुप्रबंधाचा विषय निवडणं हे त्यातल्या त्यात सोपं काम, कारण विषय एकच असतो: 'ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांमधील अमुकतमुकचा तुलनात्मक अभ्यास'. अमुकतमुकच्या जागी ताणतणाव, समायोजन (म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणं), आत्मविश्वास यांपैकी ज्याची चाचणी कपाटात सापडेल ते. तीस मुलं, तीस मुली, एकूण साठ. साठच का, हे कुणीच विचारत नाही. मागच्या वर्षीच्यानं साठ घेतले होते.

खरी परीक्षा गावात गेल्यावर सुरू होते. मानवतकडच्या एका हुशार मुलीनं 'शेतकऱ्यांमधील चिंता' हा विषय घेतला. तुलना नाही, विद्यार्थी नाहीत, म्हणून मी इतका खूश झालो की पहिल्या दिवशी तिच्यासोबत गेलो. पारावर एक आजोबा बसले होते. तिनं आधी संमतिपत्र पुढं केलं. प्रयोज्याची, म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा त्याची, लेखी संमती घ्यायची, हे मीच शिकवलेलं.

"सही कामून पाहिजे माय?"

"तुमच्या मर्जीनं माहिती देताय, एवढंच हाय बाबा."

"पीकविम्याचं हाय का?"

"नाही."

"मंग अनुदानाचं?"

"कशाचंच नाही बाबा. अभ्यास हाय आमचा."

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. कशाचंच नसतं तर पॅन्ट-शर्टातला माणूस उन्हात आला असता का? त्यांनी नातवाला हाक मारली. पाचच मिनिटांत पोरगं आधारची झेरॉक्स, सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन हजर. त्याच्यामागून गल्लीतले आणखी लोक, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. यादृच्छिक नमुना निवड शिकवताना चिठ्ठ्या टाकून माणसं काढायला सांगतो मी. इथं माणसांनीच रांग लावली होती, आणि मागं कुणीतरी दबक्या आवाजात मार्गदर्शन करत होतं, "चिंता जास्ती लिहा. जास्ती लिहिलं की पहिल्या यादीत नाव येतंय."

मार्टिन ऑर्न या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1962 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. प्रयोगाला बसलेला माणूस संशोधकाला काय हवंय याचा अंदाज बांधतो आणि तसा वागतो. त्यानं लोकांना बेरजांचे ढीगभर कागद दिले, एकेक कागद झाला की फाडून टाकायला सांगितलं, तरी माणसं तासन्‌तास बेरजा करत बसली. ऑर्नला याचं नवल वाटलं. आमच्याकडे पाहुण्याचं मन मोडायची पद्धतच नाही. वर पाहुणा सरकारी असायची शक्यता असली तर काय सांगावं!

मग प्रश्न सुरू झाले. 'मला रात्री शांत झोप लागत नाही.'

"कशी लागंल? लाईट रातीची हाय. बाराला उठून मोटार चालू कराया जावं लागतंय."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. खूण कुठं करू? 'पूर्णतः सहमत'वर करावी तर आजोबांची चिंता वाढते, न करावी तर आजोबा खोटे पडतात. वैधता म्हणजे चाचणी जे मोजायचं तेच मोजते का, हे मी वर्गात चार तास शिकवतो. हा प्रश्न मोजत होता वीज मंडळाचं वेळापत्रक, आणि तेही अगदी अचूक.

पुढचा प्रश्न: 'काहीतरी वाईट घडेल असे मला सतत वाटते.' आजोबांनी आभाळाकडे बोट केलं. "सोयाबीन काढून पडलंय रानात अन् वर ह्ये ढग. तुला वाटंना का?" मुलीचा बापही शेतकरीच. ती आजोबांचं उत्तर लिहायचं विसरून वर बघत बसली.

'तटस्थ' हा पर्याय तर कुणालाच पटला नाही. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्ये 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी पाच पर्यायांची मापनश्रेणी केली, तेव्हा मधल्या पर्यायाला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काय अर्थ असतो हे त्याच्या कानावर गेलं नसावं. एका काकांनी मलाच बाजूला घेऊन विचारलं, "हे मधलं कुण्या पार्टीचं हाय?"

फॉर्म झाला की चहा. प्रत्येक घरी. नाही म्हणायची सोय नाही, फार तर "अर्धाच द्या" म्हणता येतं, आणि तरी पूर्णच येतो. त्यावरून मला वर्गात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरची गोष्ट शिकवायची हुक्की आली. एक बाई म्हणाली, कपात दूध आधी घातलं की चहा, ते मी चवीवरून ओळखते. फिशरनं त्यावर प्रयोग रचला आणि 1935 च्या आपल्या पुस्तकात त्याची मांडणी केली. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. नुसत्या नशिबानं सगळे बरोबर यायची शक्यता 70 मध्ये 1. शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक नाहीच' असं आधी धरून चालायचं, हे समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण जगात नाही. वर्गात शांतता. मग पहिल्या बाकावरून शंका आली, "सर, पण दूध, साखर, पत्ती सगळं संगटच उकळतेत ना?" आम्ही कॅन्टीनवाल्या मामांना विचारून आलो. चहा वेगळा आणि दूध वेगळं करून द्यायला ते तयार होते, पण त्यासाठी आधी पेशंट कोण आहे ते त्यांना सांगावं लागणार होतं.

आता जिंतूरवाला. हा मुलगा 'मुले व मुली यांच्यातील समायोजन' हा विषय घेऊन सोमवारी गेला आणि मंगळवारी साठ फॉर्म घेऊन आला. मी गठ्ठा उघडला. साठही फॉर्म एकाच निळ्या जेल पेननं भरलेले. सुरुवातीच्या फॉर्मवर खुणा कशा सुबक, शेपूट उजवीकडे ऐटीत ओढलेलं. विसाव्यानंतर हात दुखायला लागला असावा, शेपूट गेलं. चाळिसाव्यानंतर जिल्ह्यातले सगळे तरुण एकदम तटस्थ झालेले. शेवटून दुसऱ्या फॉर्मवर वरणाचा पिवळा डाग.

"पेन एकच कसा रे?"

"मीच दिलता सर सगळ्याला. पोरांजवळ पेन कुठं राहतेत आता?"

"आणि वळण एकच कसं?"

"एकाच शाळेतले हायत."

"मुलीपण?"

"शाळेत दोन्ही हायत की सर."

एकाही उत्तराला त्याला क्षणभर थांबावं लागलं नाही. प्रतिक्रिया-काळ मोजायचं आमचं एकुलतं एक स्टॉपवॉच त्याच्यापुढं चालू करून काही उपयोग झाला नसता. उत्सुकता म्हणून मी ती माहिती कॉम्प्युटरवर टाकायला लावली. मुलं आणि मुली यांच्यात तिळमात्र फरक निघाला नाही. इतकी निखळ स्त्री-पुरुष समानता मी मराठवाड्यात दुसरीकडे पाहिलेली नाही. फॉर्म परत केले. पुढच्या खेपेला तो सात रंगांची पेनं घेऊन गेला, हे मला त्याच्याच मित्रानं सांगितलं.

प्रामाणिकपणे फॉर्म भरून आणणाऱ्यांचं दुःख वेगळं. पालमची एक मुलगी रडवेली होऊन आली. "सर, फरक निघंना. अजून दहा फॉर्म आणू का?" शेजारचीनं दुसरा उपाय सुचवला, "त्या दोन काकांचे काढून टाक की. ते तसेबी येडेच हायत." मी दोघींना बसवलं. म्हटलं, फरक निघेपर्यंत फॉर्म वाढवत जायचं, नडणारे काढून टाकायचे, ह्याच वाटेनं मोठमोठे लोक घसरलेत. 2015 साली मानसशास्त्रातल्या गाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले 100 अभ्यास संशोधकांनी नव्यानं करून बघितल्याचं प्रसिद्ध झालं. मूळच्या 97 टक्क्यांत सार्थक, म्हणजे नुसत्या योगायोगावर ढकलता न येणारा, निष्कर्ष होता, नव्यानं केले तेव्हा 36 टक्क्यांतच आला.

"म्हंजे तिकडंबी फॉर्म घरीच भरतेत?"

"नाही गं. घरी नाही भरत. पण हवं ते मिळेपर्यंत शोधत राहतात."

"मंग तेवढ्यासाठी इतकं हिंडायचं कामून?"

यावर मी तिला 0.05 ची सार्थकता पातळी पुन्हा एकदा समजावली. मला दुसरं काही सुचलं नाही.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पंखा जुना, ऊन परभणीचं, सर घामाघूम. मानवतच्या मुलीची पाळी आली. चिंतेची मापनश्रेणी, सरासरी, प्रमाण विचलन, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. 'झोप लागत नाही' हा प्रश्न आपण का वगळला, हेही सांगितलं. माझी मान वर झाली. परीक्षकांनी खूश होऊन अगदी सोपा, मार्क वाढवायचा प्रश्न टाकला, "बरं, नमुना कसा निवडला?"

"लै पारखून, सर," ती म्हणाली. "एकबी वंगाळ माणूस घेतला नाही."