खुर्च्या भरायला आम्ही, प्रश्न विचारायला मात्र कोणी नको

बुधवारी रात्री सव्वाआठला मी गोव्यातल्या वाळपईच्या बसस्टँडवर उतरले. बाबा पावणेसातपासून तिथं स्कूटरला टेकून उभे होते. सकाळपासून काजूच्या बागेत बिया वेचून पाठ मोडलेला माणूस, तसाच मळक्या शर्टावर आलेला. "उशीर झाला गो," एवढंच म्हणाले आणि किक मारली. पुढं अकरा किलोमीटर काळोख. आमच्या रस्त्यावर या दिवसांत गवे उतरतात. वळणावर मध्येच उभा असलेला गवा दिव्याच्या उजेडात येईपर्यंत दिसत नाही. बाबा हळूहळू चालवत होते, मी मागं बसले होते आणि रागानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

उशीर का झाला? तर त्या दिवशी मला नेतृत्व शिकवलं जात होतं.

कॉलेजमध्ये युवा नेतृत्वावर कार्यक्रम होता. वेळ अडीचची. नोटीस आदल्या दिवशी लागली: उपस्थिती सक्तीची, गैरहजर राहणाऱ्यांचे अंतर्गत गुण कापले जातील. सव्वादोनला आमची हजेरी घेतली आणि सभागृहात बसवलं. पुढच्या रांगा आधी भरा, मधली खुर्ची रिकामी दिसता कामा नये, फोटोत वाईट दिसतं, असं तीनदा सांगितलं. साड्या नेसलेल्या आठ मुलींना गुलाबाची फुलं देऊन दारात उभं केलं. प्रमुख पाहुणे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले एक नेते, आले पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना. अडीच तास आम्ही खुर्च्या धरून होतो आणि त्या आठ मुली दारात उभ्या होत्या. मधे कुणी उठलं की एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) बिल्ला लावलेला मुलगा येऊन परत बसवायचा. मागच्या दाराला कडी होती. वीस-एकवीस वर्षांच्या मतदारांना कडी लावून बसवलं होतं.

उशिराबद्दल एक शब्द नाही. समई, शाल, श्रीफळ, आणि मग पाऊण तास भाषण. "तुमी फाल्यांचे फुडारी." तुम्ही उद्याचे पुढारी. युवकांनी राजकारणात यायला हवं, धाडसानं प्रश्न विचारायला हवेत, व्यवस्था बदलायला हवी. "प्रश्न विचारायला हवेत" हे वाक्य मी वहीत लिहूनही घेतलं.

मग प्रश्नोत्तरं. दोनच प्रश्न, तेही आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून तपासून ठेवलेले. पहिला: सर, तुमच्या यशाचं रहस्य काय? दुसरा: सर, तरुणांना काय संदेश द्याल? मला ते ऐकवेना. मी उभी राहिले. विचारलं की वाळपईहून आमच्या भागात जाणारी संध्याकाळची शेवटची बस पावणेसातची, ती खाजगी आहे, माणसं कमी असली की मालक फेरी मारतच नाही. मग शिकणाऱ्या मुलींनी घरी जायचं कसं? आणि आज तर ती आली तरी आम्हाला मिळणार नाही, कारण आम्ही इथं बसलोय. ही फेरी कायमची चालू राहावी म्हणून काय करता येईल?

बस. एवढंच. शिवी नाही, घोषणा नाही.

सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "इथं राजकारण नको." पाहुणे हसून म्हणाले, "नांव बरोवन दी, पळोवया." नाव लिहून दे, बघूया. पुढं टाळ्या, आभार, राष्ट्रगीत. मी नाव, गाव, बसची वेळ सगळं लिहून त्यांच्या माणसाकडं दिलं. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. त्या कागदाचं काय झालं असेल ते मला माहीत आहे.

"इथं राजकारण नको." मी राज्यशास्त्र शिकते! तिसऱ्या वर्षाला आहे! तीन वर्षं हेच सर मला नागरिक, प्रतिनिधी, उत्तरदायित्व शिकवतायत. लोकप्रतिनिधीला बसबद्दल विचारणं हे राजकारण नसेल तर राजकारण म्हणजे काय? आणि असेल, तर ते वाईट कसं? व्यासपीठावर पक्षाचा माणूस बसवलात तेव्हा राजकारण झालं नाही. त्याच्या पक्षाचे कार्यकर्ते दारात पायघड्या घालत होते तेव्हा झालं नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीनं बस मागितली तेव्हाच नेमकं राजकारण झालं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? ह्याच गोव्यात १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मागितली होती. आमच्याच वयाची मुलं रस्त्यावर उतरली, लाठ्या खाल्ल्या, आणि सवलत मिळवली. तेव्हा गोवा राज्यसुद्धा नव्हता, केंद्रशासित प्रदेश होता. सरकारी बसचं कदंब महामंडळ आलं ते त्यानंतर, १९८० साली. गावोगावची किती मुलं त्या अर्ध्या तिकिटावर शिकली! आजही आमच्यासारखे हजारो जण ह्या ना त्या सवलतीच्या पासावर प्रवास करतात. तो पास कुणा दयाळू मंत्र्यानं उठून दिलेला नाही. विद्यार्थ्यांनी भांडून घेतलाय. नेतृत्वावरच्या अख्ख्या कार्यक्रमात ह्याचा एका ओळीनं तरी उल्लेख व्हावा की नाही? नाही झाला. आमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातही तो मला कुठं भेटला नाही. मला हे आजोबांनी सांगितलं, ज्यांचं शिक्षण चौथी. पोर्तुगीज गेल्यावर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावात शाळा आल्या म्हणून तेवढं तरी झालं, असं ते आजही सांगतात. माझ्या आजोबांना जे माहीत आहे ते मला कॉलेज शिकवत नाही, कारण ते शिकवलं तर मुलं विचारतील की मग आता आम्ही काय मागायचं.

वर्गात आम्हाला पक्षांतरबंदी कायदा शिकवतात. १९८५ ची दुरुस्ती, दहावी अनुसूची, दोन तृतीयांश सदस्य गेले तर ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण. पाठ करा, लिहा, मार्क घ्या. पण गोव्यातल्या मुलाला हे पुस्तकातून शिकायची गरज आहे का? २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, बांबोळीच्या खुरसाकडं (क्रॉसकडं) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात अकरापैकी आठ भाजपमध्ये गेले. पक्ष कुठला हा माझा मुद्दाच नाही, उद्या उलट्या दिशेनं गेले तरी मी हेच म्हणेन. चाळीस आमदारांचं एवढंसं राज्य, आणि मतदारानं दिलेलं मत इतक्या सहज उचलून दुसरीकडं ठेवता येतं. मी वर्गात विचारलं होतं, सर, शपथ मोडली त्याचं काय? उत्तर आलं, "हे परीक्षेला येत नाही."

आणि आमच्या कॉलेजच्या निवडणुका तरी वेगळ्या आहेत का? विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं २००६ मध्ये नियम घालून दिले, उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या वर नको, राजकीय पक्षांना लांब ठेवा. कागदावर सगळं आहे. गेल्या वर्षी आमच्याकडं मतदानाच्या आधीचे दोन दिवस वर्ग प्रतिनिधींना गाडीत घालून किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवर ठेवलं. मोबाईल काढून घेतले. माझ्या वर्गाचा प्रतिनिधी परत आला तो नवे बूट घालून. एकोणीस वर्षांचा पोरगा! त्याला निवडून दिलं आम्ही साठ जणांनी, आणि आम्ही काय म्हणतो हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. मोठ्यांचं बघून तो शिकला. त्याच्यावर चिडू की त्याला ते बूट देणाऱ्यांवर, मला कळत नाही. मी दोघांवरही चिडलेय.

पण खरा घाव बुधवारच्या रात्री घरी पोचल्यावर बसला. कुणीतरी माझ्या प्रश्नाचा व्हिडिओ काढला होता, तो वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. जेवायला बसतोय तोच काकांचा फोन. "कशाला बोललीस तू? तुझ्या भावाचा अर्ज गेलाय ना?" मग आत्याचा. मग शेजारची काकू आली, म्हणाली, "बरोबर बोललीस गो, पण नाव कशाला दिलंस?" बरोबर बोललीस, पण. हा "पण" आमच्या समाजाच्या घशात अडकलाय. प्रत्येक घरात एक अर्ज गेलेला असतो. कुणाचा शिपायासाठी, कुणाचा पंचायतीच्या परवान्यासाठी, कुणाचा बदलीसाठी. तो अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, म्हणून तोंड बंद. अर्ज मंजूर झाला तर उपकार म्हणून तोंड बंद. नामंजूर झाला तर पुढच्या वेळी होईल म्हणून तोंड बंद. माझा दादा बी.कॉम. होऊन चार वर्षं घरात आहे. त्याचे गुण चांगले आहेत. त्याला आजवर एकानंही विचारलेलं नाही की तुला काय येतं. सगळे विचारतात, "कोणाकडनं घातलास?"

२०२४ च्या शेवटी सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. अटका झाल्या, पेपर भरून गेले. सगळे त्या ठकांना शिव्या घालत होते, आणि घालायलाच हव्यात. पण एवढे लोक फसले कसे? शिकलेली माणसं सोनं गहाण ठेवून पैसे द्यायला तयार झाली, कारण नोकरी अशीच मिळते यावर त्यांचा पक्का विश्वास होता. तो विश्वास एका दिवसात बसलेला नाही. वर्षानुवर्षं आमच्या घरांतून तो शिकवला गेला. शाळेत प्रामाणिकपणाचे निबंध लिहायचे आणि घरी आल्यावर ओळख कोणाची आहे ते बघायचं. ह्याला शिक्षण म्हणायचं?

नेतृत्व पाहायचं असेल तर मी दाखवते. आमच्याच सत्तरीत, शेळ-मेळावलीत. जानेवारी २०२१. तिथं आयआयटीचं संकुल यायचं होतं. गावच्या लोकांना आपल्या कसणुकीच्या जमिनीची, काजूच्या बागांची, जंगलाची भीती वाटली. मोजणीला पोलीस आले तेव्हा बायका वाटेवर बसल्या. अश्रुधूर सोडला, लाठ्या चालल्या. त्या हटल्या नाहीत. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांना ती जागा सोडल्याचं जाहीर करावं लागलं. आयआयटी हवी की नको यावर माझ्या वर्गातही दोन मतं आहेत, आणि ज्यांना हवी होती त्यांचंही म्हणणं मी ऐकलंय. शिकणाऱ्या मुलीला आयआयटी नको कशी असेल! पण माझी मावशी त्या दिवसांत मेळावलीला गेली होती. सातवी शिकलेली. भाषण कसं करायचं ते तिला ठाऊक नाही. तिनं कधी आमच्यासारखं प्रमाणपत्र घेतलेलं नाही. ती परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि ती म्हणाली, "आमकां कोणें विचारलेंच ना." आम्हाला कुणी विचारलंच नाही. माझ्या तीन वर्षांच्या राज्यशास्त्रात लोकशाहीवर ह्याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

तीच गोष्ट आमची. आम्हालाही कुणी विचारलेलं नाही. ग्रंथालय चारला बंद होतं, आमचा शेवटचा तास पावणेचारला सुटतो, हे कुणी विचारलं नाही. सत्तरी, सांगे, काणकोण अशा लांबच्या तालुक्यांतून येणारी मुलं पहाटे साडेपाचला घर सोडतात आणि पहिल्या तासाला डुलक्या घेतात, तेव्हा "लक्ष नाही" म्हणून ओरडा बसतो, किती वाजता उठलास ते कुणी विचारत नाही. आमच्या उपस्थितीचा हिशेब पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत ठेवतात. पाहुण्याची वाट बघण्यात गेलेल्या अडीच तासांचा हिशेब कुठल्या वहीत आहे? दोनशे मुलांचे अडीच तास म्हणजे पाचशे तास.

गुरुवारी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तुझं बरोबर होतं, पण आम्हाला सांभाळावं लागतं गं. अनुदान असतं, इमारतीचं काम अडलंय." मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांचाही एक अर्ज गेलेला होता तर. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाही मला राग आला, कारण मी ह्या माणसाकडं मान वर करून बघत होते.

पुढच्या शुक्रवारी आणखी एक कार्यक्रम आहे. नोटीस लागली. विषय, राष्ट्रउभारणीत युवकांचं योगदान. उपस्थिती सक्तीची, पुढच्या रांगा भरा. मी जाणार नाही. गुण कापायचे तर कापा. आमच्या भागातल्या सात मुलींच्या आणि चार मुलांच्या सह्या मी बसच्या अर्जावर घेतल्यात. बाबांनीही सही केली, काकांचा फोन येऊन गेल्यानंतर, माझ्यासमोर, चष्मा शोधून. शुक्रवारी सकाळी आम्ही तो वाहतूक कार्यालयात नेऊन देणार आहोत आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.