श्रावण पाळता येतो, मग दारू का सुटत नाही?

गटारी जवळ आली की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या आजोळच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला. थोडक्यात मजकूर असा: 'व्यसन हा आजार नाही, माणसाची मर्जी आहे. कॅन्सर कुणी मागून घेत नाही, ग्लास मात्र स्वतःच्या हाताने उचलला जातो. श्रावणात महिनाभर सोडता येते, माळ घातली की कायमची सुटते, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी तर हेरॉइन सोडून दिलं. आजार म्हणणं ही पळवाट आणि उपचार हा पैसे काढायचा धंदा. पिणारा पिणारच, सरकारने मध्ये पडू नये.' खाली अंगठे आणि जोडलेले हात.

त्याच ग्रुपवर माझा धाकटा मामा आहे. त्यानेही तो वाचला. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

'श्रावणात सोडता येते, म्हणजे ताबा आहे.' मामा वर्षानुवर्षं श्रावण पाळायचा आणि आम्हीही हेच म्हणायचो, की महिनाभर राहतो ना, मग बाकीचे अकरा महिने मुद्दामच पितो. पुढे पुढे त्याला सकाळी दात घासायच्या आधी घोटभर लागायला लागली. त्याआधी चहा दिला तर कप बशीवर वाजत राहायचा. घोट पोटात गेला की हात थांबायचा. एका वर्षी गटारीला प्याला आणि दुसऱ्या दिवसापासून शब्दाला जागून बंद केली. पहिल्या रात्री नुसता घाम, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मामीला त्याने ओळखलं नाही. घरात कुणीतरी म्हणालं, बाहेरचं आहे. लिंबू उतरवून टाकण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'दारू कधी बंद केली?'

रोज भरपूर दारू पोटात जात असली की तिच्या गुंगीला पुरून उरण्यासाठी मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली तरी ते चेतवणं थांबत नाही. मग थरथर, फिट, भास. वेळेवर इलाज झाला नाही तर माणूस दगावतो. म्हणून रुग्णालयात गोळ्या सुरू करून त्या हळूहळू कमी करतात, थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं देतात. नुसत्या हौसेने केलेली गोष्ट बंद केली म्हणून कुणाला भिंतीवर मुंग्या दिसत नाहीत.

ज्यांचा श्रावण सुखरूप पार पडतो, त्यांचंही बघा. त्या महिन्यात अख्खं घर, अख्खी आळी त्यांच्या बाजूला असते. मटण नाही, चकणा नाही, आग्रह नाही, 'श्रावण आहे' म्हटलं की विषय संपतो. पोळा झाला की तोच माणूस त्याच नाक्यावर उभा.

'माळ घातली की सुटते.' सुटते. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माळ घालणं म्हणजे काय काय असतं? संध्याकाळी, नेमकी पिण्याच्या वेळेला, हरिपाठ. एकादशी, वारी, दिंडीतली सोबत. गळ्यात माळ दिसली की कुणी ग्लास पुढे करत नाही, आणि दोन दिवस देवळात दिसला नाही तर कुणीतरी घरी विचारायला येतं. मामा पुढे पाच वर्षं व्यसनमुक्ती केंद्राच्या पाठपुराव्याच्या बैठकीला जायचा. तिथेही हेच होतं: ठरलेली वेळ, तेच भोगलेली माणसं आणि 'गेल्या आठवड्यात का आला नाहीस' हा प्रश्न. माणूस एकट्याच्या मनाच्या जोरावर सुटतो असं माळकऱ्यांकडे बघून म्हणायचं असेल, तर आपण माळकऱ्यांकडे नीट बघितलेलंच नाही.

व्हिएतनामचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. १९७१च्या सुमारास तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतले फार थोडे पहिल्या वर्षात पुन्हा त्या विळख्यात सापडलेले आढळले. हे खरं आहे. पण तिथे हेरॉइन स्वस्त, शुद्ध आणि हाताशी होतं. घरी आल्यावर ते मिळवणं कठीण, सोबतीला युद्ध नाही, ती टोळी नाही. शिवाय विमानात बसण्याआधी लघवीची तपासणी व्हायची आणि हेरॉइन सापडलं तर आधी ते उतरवायला ठेवून घ्यायचे. म्हणजे पुरवठा तुटला, जागा बदलली, तपासणी झाली आणि माणसं सुटली. 'सरकारने मध्ये पडू नये' म्हणणाऱ्याने हे उदाहरण द्यावं, याचं मला नवल वाटतं.

'ग्लास स्वतःच्या हाताने उचलला.' पहिला, हो. मामाने तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका वरातीत उचलला, मोठ्यांनीच हातात दिला होता. त्या वरातीतल्या बाकीच्या पोरांचं पुढे काही झालं नाही. कुणाला व्यसन लागेल यातला साधारण अर्धा वाटा आनुवंशिकतेचा असतो असं जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं, आणि ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि तंबाखू खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाला आपण 'तुझी मर्जी होती' म्हणून ऑपरेशन नाकारत नाही.

'आजार म्हणणं ही पळवाट आहे.' या वाक्यामागचा राग मला कळतो, कारण मामीच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. आजार म्हटल्याने ते माफ होत नाहीत. डायबेटिसवाल्यालाही पथ्य स्वतःच पाळावं लागतं. आपला कायदा दोन्ही बाजू धरतो. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा सेवनाला शिक्षा सांगतो आणि त्याच कायद्यातलं कलम ६४-अ, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला त्या खटल्यातून सूटही देतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत.

'उपचार हा धंदा आहे.' मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी केंद्रं आहेत, ती बंदच व्हायला हवीत. पण पुण्यात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, लाट आली तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेही याच महाराष्ट्रात. खरं दुखणं वेगळंच आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली आलेल्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. सदतीस जण कुठल्याच दारापर्यंत पोचले नाहीत.

राहिलं 'पिणारा पिणारच.' नुसती बंदी पुरत नाही, हे मी मान्य करते. चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली, मधल्या काळात चोरटी दारू येतच होती. पण सरकार मध्ये नाही असं कसं म्हणता? परवाना तेच देतं, कर तेच घेतं. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत हा नियम कागदावर आहेच, काउंटरवर वय किती वेळा विचारलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे नियमाची नजर पोचली नाही तिथे काय होतं ते २०१५ साली मुंबईत मालवणीत दिसलं. विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. आणि तंबाखूच्या राष्ट्रीय पाहणीत २००९-१० साली ३४.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, २०१६-१७ साली २८.६ टक्के. मधल्या काळात पाकिटांवरची चित्रं मोठी झाली, गुटख्यावर बंदी आली, कर वाढले. 'खाणारा खाणारच' हे तेव्हाही म्हटलं जात होतं.

आणि मर्जीचंच बोलायचं तर आडव्या बाटलीच्या मतदानाचं बोला. गावातलं दुकान बंद व्हायला मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही, तिचं मत दुकानाच्या पारड्यात गेल्यासारखंच. तरीही बायका रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहतात. मेसेजमध्ये त्यांच्या मर्जीला एक ओळही नाही.

मामाला आता नऊ वर्षं झाली. मध्ये दोनदा घसरला, दोनदा परत केंद्रात गेला.

गटारीनंतर घरात कुणी 'उद्यापासून बंद' म्हणालं आणि त्याला सकाळी हात थांबवायला घोट लागत असेल, तर त्याला घरी एकटं ठेवू नका, बंद करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. कुठे न्यावं कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक १४४४६ आहे. आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही लिंबू शोधत होतो.