इजिप्तचे पुजारी, हुकमाचे पत्ते आणि विश्वामित्रीतली मगर

गेल्या आठवड्यात आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांनी ग्रुपवर एक मेसेज टाकला. नंतर तोच मला आणखी तीन ठिकाणांहून आला. म्हणणं थोडक्यात असं: टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या पत्त्यांची, चित्रं इजिप्तच्या पुजाऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी सांकेतिक ज्ञान म्हणून काढली, ती तेव्हापासून तशीच आहेत, त्यात एक रेघ बदलली तरी पत्त्यांची शक्ती जाते, आणि हल्लीचे चित्रकार त्यात मोबाईल नि मेट्रो घालून थट्टा चालवतात. शेवटचा टोमणा कुणाला होता ते कळलं. माझी भाची इथे फाइन आर्ट्सला शिकते आणि सध्या बडोद्याच्या चित्रांचा टॅरो काढते आहे.

काका, पत्त्यांतून भविष्य कळतं असं मीही मानत नाही, त्यामुळे शक्तीचा मुद्दा सोडून देते. चित्रांबद्दल मात्र बोलायचं आहे.

इजिप्तपासून सुरुवात करू. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागातल्या दरबारांत आले, आणि आले ते खेळायला. 78 पत्ते, त्यातले 56 आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे. उरलेल्या 22 मधला मूर्ख बाजूला ठेवला, तर 21 चित्रं म्हणजे कायमचे हुकूम. ‘मृत्यू’ हा एक हुकूम होता, त्याने हात मारता यायचा. फ्रान्समध्ये लोक आजही हा खेळ खेळतात. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे 120 गोल पत्ते असतात, म्हणून काय त्यात कुणी गुप्त पुराण शोधत बसत नाही. इजिप्तची गोष्ट 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थांनी छापली. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने उलगडली 1822 मध्ये. म्हणजे ती लिपी वाचता येण्याच्या 41 वर्षं आधीच त्यातलं रहस्य सापडलं होतं!

‘तशीच आहेत’ हे तर चित्रं शेजारी ठेवली की कोसळतं. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याच्या पत्त्यांत मृत्यू म्हणजे धनुष्य घेतलेला सांगाडा. पुढे फ्रान्समधल्या मार्सेच्या पत्त्यांत त्याच्या हाती गवत कापायचं लांब कोयतं आलं, आणि 1909 च्या लंडनच्या पत्त्यांत तो चिलखत घालून घोड्यावर बसला. जादूगार सुरुवातीला बाजारात टेबल मांडून हातचलाखी करणारा होता, त्याचा गूढविद्येचा आचार्य फार नंतर झाला. मला सगळ्यांत आवडतो तो संन्यासी. मिलानच्या म्हाताऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ आहे. तो काळ आहे, सरत चाललेला. त्या घड्याळाचा पुढे कंदील झाला. म्हातारा तोच, पण आता तो वाट शोधणारा. एक वस्तू बदलली आणि अख्खा पत्ता दुसरंच बोलायला लागला.

1909 च्या ज्या संचाला लोक ‘मूळ’ म्हणतात तो आर्थर वेट या गूढविद्येवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी कसा हवा ते सांगितला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढला. काही महिन्यांत जवळजवळ 80 चित्रं! एका पत्रात तिने लिहून ठेवलंय की काम मोठं आणि पैसे अगदी थोडे. वर्षानुवर्षं तो संच प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने विकला गेला, तिची फक्त नागमोडी सही कोपऱ्यात राहिली. मार्सेच्या संचात ‘तीन तलवारी’ म्हणजे खरंच तीन तलवारी होत्या. स्मिथने त्या एका हृदयात खुपसल्या, तीही कल्पना पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का या इटालियन संचातून उचललेली दिसते. वेटने तर ‘न्याय’ आणि ‘बळ’ या हुकमांचे आठ आणि अकरा हे नंबरसुद्धा आपसात बदलले. तेव्हा काही शक्ती गेली नाही वाटतं.

राहिली थट्टा. इथे काकांचं निम्मं बरोबर आहे. नव्या संचांपैकी बरेच आळशी असतात: जुन्या माणसाच्या हातात फोन दिला की झाला आधुनिक. भाचीनेही संन्याशाला मोबाईलचा टॉर्च दिला होता. मी म्हटलं, अगं, तो एकटा कुठे राहिला, त्याच्या खिशात सगळं गाव आहे. आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मग तिने रात्रपाळीचा वॉचमन काढला, बंद दुकानांसमोर बॅटरी घेऊन. तो संन्यासी आहे.

आणि ‘चंद्र’. स्मिथच्या चित्रात रात्री तळ्यातून एक खेकड्यासारखा प्राणी वर येतो आणि काठावर कुत्रा नि लांडगा भुंकतात. बडोद्यात तो प्राणी कोण, हे सांगायला लागतं का? ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या होत्या. अंधारात पाण्याखाली काय आहे ते माहीत नसण्याची भीती आम्हाला खेकड्यापेक्षा मगरीतून लवकर कळते.

काका, तुमच्या देवघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी आहे ना, तिचा तो चेहरा नि ती साडी राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या वळणाची. त्याचा छापखाना 1894 चा. त्याआधी सयाजीरावांनी त्याच्याकडून लक्ष्मी विलास पॅलेससाठी पुराणातली 14 चित्रं करून घेतली होती. ती बघायला तुम्हीच आम्हा मुलांना न्यायचात.

भाचीची मगर अजून जमलेली नाही, हे मान्य. सध्या ती पालीसारखी दिसते.