पेट स्कॅनमधली साखर आणि ताटातली भाकरी

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी हमखास पोहोचणाऱ्या एका संदेशातला युक्तिवाद असा आहे: पेट स्कॅनच्या (टोचलेले किरणोत्सारी द्रव्य शरीरात कोठे साठते ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) आधी रुग्णाला साखर टोचतात, कर्करोगाच्या पेशी ती अधाशीपणाने खातात आणि पडद्यावर चमकतात, म्हणजे साखर हेच कर्करोगाचे अन्न आहे, तेव्हा साखर, भात, भाकरी आणि फळे बंद केली की गाठ उपासमारीने मरते. यातला सुरुवातीचा भाग खऱ्याच्या इतका जवळ आहे की पुढचे सगळे पटून जाते. माझ्या मावशीची केमोथेरपी चालू असताना याच संदेशामुळे तिच्या ताटातली भाकरी गेली होती, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

टोचतात ते द्रव्य म्हणजे खाण्याची साखर नव्हे. त्याचे नाव एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूतील दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तेथे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. पेशीच्या पटलावरची वाहक प्रथिने त्याला ग्लुकोजप्रमाणेच आत घेतात आणि हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. परंतु पुढच्या पायरीसाठी लागणारा हायड्रॉक्सिल गटच जागेवर नसल्याने त्याचे विघटन तेथेच थांबते आणि रेणू पेशीत अडकून पडतो. गाठीला त्यापासून ऊर्जा मिळत नाही. स्कॅनर टिपतो ते हे अडकणे. १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे द्रव्य प्रथम माणसाला देण्यात आले.

‘चमकते तेथे कर्करोग’ हेही खरे नाही. निरोगी माणसाच्या स्कॅनमध्ये मेंदू लख्ख दिसतो, पुष्कळदा हृदय दिसते, आणि एफडीजी लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशयही दिसते. इंजेक्शननंतर सुमारे तासभर रुग्णाला शांत पडून राहायला आणि बोलणेही टाळायला सांगतात, कारण वापरात असलेले स्नायूसुद्धा हे द्रव्य ओढून घेतात. क्षयरोगाच्या गाठीही चमकतात, आणि आपल्याकडे क्षय इतका आढळतो की केवळ चित्रावरून निदान न करता बायोप्सी करावी लागते. याउलट प्रोस्टेटचा कर्करोग एफडीजीने अनेकदा नीट दिसतच नाही. त्यासाठी त्या पेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारा वेगळा रेणू वापरतात: त्याला गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडले की गाठ दिसते, आणि तशाच रेणूला ल्युटेशियम-१७७ हे दुसरे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडले की किरणोत्सार थेट त्या पेशींपर्यंत पोहोचून उपचार होतो. प्रत्येक कर्करोग साखरेवरच जगत असता, तर अशा वेगळ्या रेणूंची इतकी गरज पडली नसती.

उपासमारीच्या दाव्याला तर हा स्कॅनच उत्तर देतो. रुग्णाला चार ते सहा तास उपाशीपोटी बोलावतात आणि तरीही गाठ दिसते. किंबहुना उपाशीपोटीच ती अधिक स्पष्ट दिसते, कारण जेवणानंतर वाढलेल्या इन्शुलिनमुळे एफडीजी स्नायूंकडे वळते. प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम चमचाभर, आणि खाणे थांबवले तरी यकृत ती पातळी टिकवून धरते. त्यासाठी लागणारा माल ते बऱ्याच अंशी स्नायूंच्या प्रथिनांतून मिळवते. शिवाय गाठी ग्लुटामाइन (प्रथिनांचा एक घटक) आणि स्निग्धाम्लांवरही (चरबीचे घटक) निभावून नेतात. त्यामुळे आधी झिजतो तो रुग्ण, आणि वजन व ताकद घटली की केमोथेरपीचा पुढचा डोस लांबवावा किंवा कमी करावा लागू शकतो.

अति साखरेने वजन वाढते आणि लठ्ठपणामुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो, हे मला मान्य आहे. मधुमेही रुग्णाने पथ्य पाळलेच पाहिजे. पण तो धोका आणि झालेल्या गाठीवरचा इलाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशीच्या आहारतज्ज्ञांनी कागदावर ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, अंडे आणि दही लिहून दिले, आणि वजन दर आठवड्याला नोंदवायला सांगितले.