विषय क्रमांक सहा : इमारतीचा रंग

जयपूर शहर १८७६ साली गुलाबी झाले, ते इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी महाराजा रामसिंहांनी तसा हुकूम काढला म्हणून, असे सांगतात. त्या हुकमापूर्वी कोणाच्या हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या नसाव्यात. ठाण्यातल्या पाचपाखाडीची आमची चार मजली इमारत मात्र सहकारी तत्त्वावर उभी असल्यामुळे तिच्या भिंतीला बाहेरून बोटभर रंग लावायचा झाला तरी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, सूचक आणि अनुमोदक शोधावे लागतात, आणि अनुमोदन देऊन झाल्यावर ‘पण मला तो रंग मुळीच पसंत नाही’ असे सांगणाऱ्या अनुमोदकाचे म्हणणे इतिवृत्तात कसे लिहावे, याचाही निर्णय घ्यावा लागतो.

रंगाची गरज कोणी नाकारत नव्हते. ठाण्यात वर्षाला सरासरी २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्येकडून झोडपत असल्यामुळे आमच्या मागच्या भिंतीवर शेवाळाने आपल्या पसंतीचा एक रंग आधीच लावून टाकला होता, तोही विनामूल्य. त्यातच इमारतीने तिशी ओलांडली की उपविधींनुसार दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. त्यासाठी आलेल्या अभियंत्याने भेगा बुजवा, गच्चीची गळती थांबवा आणि मग रंग द्या, असे लिहून दिले. यांतली पहिली दोन कामे, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा, सभेत चहा येण्यापूर्वीच मंजूर झाली, कारण भेगांत कोणते रसायन भरावे याविषयी कोणालाच मत नव्हते. रंगाविषयी मात्र ज्यांच्या सदऱ्याचा रंगसुद्धा घरून ठरतो त्यांनाही ठाम मत होते. एरवी हिशेबाच्या सभेला गणसंख्या पुरी होत नाही, म्हणून ती अर्धा तास तहकूब करून पुन्हा त्याच मूठभर माणसांत भरवायची, ही आमची परंपरा आहे. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. भाडेकरूही आले होते. त्यांना मतदानाचा हक्क नसतो, आणि म्हणूनच बहुधा त्यांची मते सर्वांत परखड होती.

हिरवा, निळा आणि भगवा हे तिन्ही रंग चर्चेला येण्यापूर्वीच बाद झाले. या रंगांना ठाण्यात आपापले पक्ष आहेत, भगव्याला तर एकाहून अधिक. तेव्हा कोणाच्या तरी प्रचाराचा खर्च सोसायटीने का सोसावा, हा खजिनदारांचा मुद्दा बिनतोड होता. पांढऱ्यावर पहिल्याच पावसात प्रत्येक खिडकीखाली काळे ओघळ येतात, हे समोरच्या शाळेच्या भिंतीकडे बोट दाखवून सिद्ध करण्यात आले. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या टोलेजंग इमारतींना असतो तसा काळपट राखाडी रंग तरुण मंडळींना हवा होता. पण गडद रंग ऊन शोषून घेतो हे कळताच चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘मग एसीचं बिल तुम्ही भरणार का?’ एवढेच विचारले आणि राखाडी रंग संपला. वास्तुशास्त्राचे जाणकार असलेल्या काकांनी दिशांप्रमाणे चार भिंतींना चार रंग सुचवले. अध्यक्षांनी त्याची नोंद घेतली, म्हणजे वहीचे पान उलटले. राहता राहिला पुनर्विकासवाल्यांचा गट. इमारत पाडायचीच आहे तर रंग कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. हा गट मागच्या रंगाच्या वेळीही होता, आणि इमारत तेव्हाही पाडायचीच होती.

या साऱ्या गदारोळात शहाणपणाचे काही बोलला तो कंत्राटदार. त्याने सांगितले की, भडक लाल-पिवळ्या छटांतली बरीचशी रंगद्रव्ये उन्हाने विटतात. गेरू, पिवडी, विटकरी अशा मातकट छटा लोहाच्या ऑक्साइडपासून बनतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. माझे मत त्या क्षणी गेरूकडे झुकले आणि मी ते मांडलेही. त्यावर ‘घर म्हणजे तहसील कचेरी नव्हे’ असा शेरा मागच्या रांगेतून आला. तो कोणी मारला हे मला आवाजावरून कळले आहे, परंतु शेजारधर्म म्हणून मी ते येथे लिहीत नाही.

अखेर भिंतीवर प्रत्यक्ष नमुने लावून पाहावेत असे ठरले. हा सल्ला शास्त्रशुद्ध होता, कारण शेड कार्डावरच्या दोन बोटांच्या चौकोनात गडद वाटणारी छटा उन्हातल्या मोठ्या भिंतीवर बरीच फिकी दिसते. मात्र प्रत्येक गटाच्या समाधानासाठी एकेक पट्टा वाढत गेला आणि परदेशी पाकिटावर तिकिटे चिकटवावीत तशी आमची दर्शनी भिंत दिसू लागली. सकाळी बदामी वाटणारा पट्टा दुपारी पांढराफटक होई आणि संध्याकाळी सोडियमच्या दिव्याखाली सगळेच पट्टे सारखे पिवळे दिसत. त्यामुळे फिरायला जाणारे ज्येष्ठ आणि रात्री कामावरून परतणारे तरुण यांचे एकमत होणे निसर्गतःच अशक्य होते. इकडे पावसाळा सरून भिंती वाळल्या होत्या, परांची बांधून तयार होती, आणि तिचे भाडे कोण देणार हा नवाच विषय डोके वर काढत होता.

मला एक गोष्ट मात्र या निमित्ताने नव्याने जाणवली. ज्या रंगासाठी आम्ही भांडत होतो तो आमच्यापैकी कोणालाच घरात बसून दिसणार नव्हता. गॅलरीतून आम्हांला दिसते ती समोरची सोसायटी, आणि तिने काही वर्षांपूर्वी स्वतःला लावून घेतलेला पोपटी रंग आम्ही रोज सकाळी चहाबरोबर सोसतो. न्यायाने पाहता रंग निवडण्याचा अधिकार समोरच्यांना असायला हवा. हा विचार मी खाजगीत सचिवांना बोलून दाखवला, तेव्हा ‘मग आपण त्यांना जांभळा लावायला सांगू’ असे म्हणत त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी हसू फुटले.

ठरला तो रंग क्रीम, खाली आणि गॅलऱ्यांना विटकरी पट्टा. म्हणजे पूर्वी होता तोच, ठाण्यातल्या निम्म्या इमारतींना असतो तोच. तो कोणाला फारसा आवडला नव्हता, परंतु त्याच्याविरुद्ध बोलायला कोणाजवळ मुद्दाही उरला नव्हता. सांडपाण्याचे पाइप भिंतीच्या रंगाचे की राखाडीच ठेवायचे, यावर एक छोटी सभा झाली. तिचा वृत्तांत वाचकांवर लादत नाही.

काम पुरे होऊन परांची उतरल्यावर समोरच्या सोसायटीचे सचिव रीतसर पत्र घेऊन आले. त्यांच्याकडेही रंगाचे काम निघाले होते आणि आमच्या क्रीम रंगाचा शेड क्रमांक त्यांना हवा होता. समितीने ते पत्र सभेपुढे ठेवले. शेड क्रमांक देऊ नये, असा ठराव पुनर्विकासवाल्यांसह सर्वांनी हात वर करून एकमताने मंजूर केला.