ओला दाणा मऊ, म्हणून वीज कमी? नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की धान्य जरा ओलसर ठेवून दळलं तर दाणा मऊ पडतो आणि वीज वाचते. अर्धं खरंय, म्हणूनच लोक फसतायत. ओलाव्याने दाणा फोडायला लागणारा जोर कमी होतो हे बरोबर, पण ऊर्जा म्हणजे नुसता जोर नाही, जोर आणि दाणा तुटेपर्यंत किती दबतो हे दोन्ही मिळून ऊर्जा ठरते. कोरडा दाणा थोडासा दबला की तडकन फुटतो, ओला मात्र चेपत जातो, ताणला जातो, साल चिवट होते आणि तुकडे व्हायच्या आधीच बरीच ऊर्जा खाऊन टाकतो! हॅमर मिलमध्ये, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी धान्य फोडणाऱ्या गिरणीत, तर हे स्पष्ट दिसतं, ओलावा वाढला की तेवढंच बारीक पीठ काढायला जास्त वीज लागते.

मग रोलर मिलवाले (फिरत्या रुळांमध्ये गहू दळणारे) दळण्याआधी गव्हाला पाणी का देतात? कडक गहू साधारण १६ टक्के ओलाव्यापर्यंत आणतात ते कोंडा चिवट होऊन मोठ्या तुकड्यांत सुटावा आणि आतला गर सहज वेगळा व्हावा म्हणून. वीज वाचवायला नाही. वीज वाचवायचीच असेल तर गरजेपेक्षा बारीक दळू नका, खरा खर्च तिथे होतो.