पालोमाची एविता आणि माझी अडलेली एक ओळ

परवा स्पॅनिशच्या वर्गात पालोमा सान बासिलियो या स्पॅनिश गायिकेचं गाणं ऐकवलं. गाणं संपायच्या आत एका मुलीने फोनवर तिचं नाव शोधलं आणि म्हणाली, "मॅडम, ही युरोव्हिजनला चौदावी आली होती." मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा. आली होती चौदावी, खरं आहे. 4 मे 1985, स्वीडनमधलं गोथेनबर्ग, 19 देश, 36 गुण. गाणं होतं 'ला फिएस्ता तेर्मिनो', म्हणजे 'सोहळा संपला'. रचणारे खुआन कार्लोस काल्देरोन. त्यांच्याच रचनेने 1973 मध्ये स्पेनला याच स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवून दिला होता. म्हणजे माणसं मोठी होती, गाणंही चांगलं होतं, त्या रात्री परीक्षकांना रुचलं नाही एवढंच. पण पाच दशकं गाणाऱ्या बाईचं नाव घेतलं की लोकांना आधी ती तीन मिनिटं आठवावीत, हे मला मनापासून खटकतं. कारण तिचं खरं काम त्या स्पर्धेच्या पाच वर्षं आधी सुरू झालं होतं आणि पुढची वीसेक वर्षं चाललं. ते रंगभूमीवर झालं.

पालोमा माद्रिदची, जन्म 22 नोव्हेंबर 1950. सुरुवात टीव्हीवर, पहिली तबकडी 1975 ची. लांब गाऊन, सरळ उभं राहणं, स्वच्छ उच्चार, मोठा पण कधीही न फाटणारा आवाज अशी तिची ओळख झाली. 'खुन्तोस' हे तिचं गाणं स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत आजही लोक लग्नात, पार्टीत गातात. हे सगळं छानच आहे, पण एवढ्यावर मी तिच्याबद्दल इतकं लिहिलं नसतं.

23 डिसेंबर 1980. माद्रिदच्या आतोचा रस्त्यावरचं मोनुमेन्ताल थिएटर. 'एविता' या संगीतिकेचा स्पॅनिशमधला प्रयोग. पालोमा तीस वर्षांची. नाटकात भाष्यकारासारखा वावरणारा चे ही भूमिका पाची आन्दियोन या गीतकार-गायकाकडे, दिग्दर्शन खाइमे आस्पिलिकुएता यांचं. मूळ नाटक इंग्रजीत, टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर या दोन इंग्रज तरुणांचं. लंडनला 1978 मध्ये आलं, न्यूयॉर्कला 1979 मध्ये. अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्ष पेरोनची बायको एव्हा, लोकांची लाडकी 'एविता', तिची गोष्ट, म्हणजे आयुष्यभर स्पॅनिश बोललेल्या बाईची, पण जगाने ऐकली ती इंग्रजीतून. माद्रिदमध्ये ती पुन्हा आपल्या भाषेत आली.

माद्रिद म्हणजे एव्हासाठी कुठलंतरी शहर नव्हतं. जून 1947 मध्ये ती तिथे पाहुणी म्हणून आली होती. तेव्हा हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनला जगाने वाळीत टाकलं होतं, संयुक्त राष्ट्रांच्या सांगण्यावरून बहुतेक राजदूत निघून गेले होते, लोक उपाशी होते आणि अर्जेंटिनाचा गहू उधारीवर येत होता. प्लाथा दे ओरियेन्तेच्या चौकात तिला बघायला प्रचंड गर्दी लोटली. तिला तिथे देशाचा मोठा सन्मान दिला गेला. नाटकात या युरोप दौऱ्यावर अख्खं गाणं आहे, आणि त्यात स्पेनमधला मुक्काम यशस्वी ठरल्याचं येतं.

1952 मध्ये, 33 व्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. तिचं शव जतन करून ठेवलं होतं. पेरोनची सत्ता उलथल्यावर ते गायब केलं गेलं आणि इटलीत मिलानच्या दफनभूमीत खोट्या नावाने पुरलं गेलं. 1971 मध्ये ते पेरोनकडे पोचतं झालं. पेरोन तेव्हा कुठे राहत होता? माद्रिदमध्ये, पुएर्ता दे इएरो भागातल्या बंगल्यात. नोव्हेंबर 1974 पर्यंत ते शव त्याच शहरात होतं.

आता पालोमाचा पहिला प्रयोग डोळ्यांसमोर आणा. शव शहरातून गेल्याला जेमतेम सहा वर्षं झालीत. प्रेक्षकांत पन्नाशी-साठीची अशी माणसं असणारच, जी तरुणपणी त्या चौकात उभी राहून हात हलवत होती. त्यांच्यासमोर ही मुलगी पांढऱ्या गाऊनमध्ये सज्जात येते आणि त्यांच्याच भाषेत गाते. लंडन-न्यूयॉर्कच्या एकाही एवितावर हे ओझं नव्हतं. तिथे एव्हा ही लांबच्या देशातली सुरस कथा होती, इथे लोक आपल्या आठवणीशी ताडून बघणार होते.

काळही नाजूक. फ्रँको 1975 मध्ये गेला, नाटकांवरची सेन्सॉरशिप 1978 मध्ये उठली. 'एविता'चे प्रयोग सुरू होऊन दोन महिने झाले तोच, 23 फेब्रुवारी 1981 ला, सिव्हिल गार्ड या पोलीस दलाचे सशस्त्र शिपाई स्पेनच्या संसदेत घुसले आणि खासदारांना रात्रभर ओलीस धरलं. मोनुमेन्ताल थिएटरपासून संसद चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सत्ता, लष्कर आणि गर्दीची भक्ती यांवरचं नाटक करायला याहून अवघड जागा आणि वेळ शोधून सापडली नसती.

याच्या आधी एक पाऊल पडलं होतं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर 1975 मध्ये, फ्रँको मृत्युशय्येवर असताना, कामिलो सेस्तो या लोकप्रिय गायकाने स्वतःचे पैसे घालून ख्रिस्तावरची रॉक संगीतिका माद्रिदच्या रंगमंचावर आणली. दिग्दर्शक तेच, आस्पिलिकुएता. आज माद्रिदच्या ग्रान वीया रस्त्यावर संगीतिकांच्या पाट्यांची रांग दिसते, तिचा पाया या दोन नाटकांत आहे असं मी म्हणेन.

मी स्वतः हौशी संगीत नाटकांत आठ-दहा वर्षं उभी राहिलेय, त्यामुळे एक गोष्ट अंगाने कळलीय. मैफलीत गायक आपल्या सोयीची पट्टी घेतो, तंबोरे लागतात, आवाज तापतो, मग तो उलगडतो. नाटकात तसं नसतं. आत्ता भांडलात, धावत विंगेतून आलात, डोळ्यांत पाणी आहे, आणि ऑर्गनचा सूर मिळताक्षणी पद उचलायचं. श्वास पात्राचा असतो, तुमचा नसतो. एव्हाची भूमिका तर गायिकांमध्ये आवाज खाणारी म्हणून ओळखली जाते. पंधरा वर्षांच्या पोरीपासून मरणासन्न बाईपर्यंत सगळं गाऊनच करायचं, संवाद जवळजवळ नाहीतच, आणि वरच्या पट्टीत ओरडल्यासारखं पण सुरात. हे रोज करायचं. 1880 मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभं राहिलं तेव्हापासून आपल्याकडे ज्यांनी ही वाट धरली त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

माद्रिद संचाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात पालोमा सुरुवातीच्या गाण्यांत आवाज मुद्दाम कोवळा, थोडा उर्मट ठेवते आणि शेवटाकडे त्यातली चमक काढून घेते. सुंदर आवाज असलेल्या बाईने तो सौंदर्याचा थर स्वतः खरवडून काढावा, याला धाडस लागतं.

पुढचं धाडस 1997 चं. 'एल ओम्ब्रे दे ला मान्चा', सेर्वान्तेसच्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीवरची अमेरिकन संगीतिका, माद्रिदच्या लोपे दे वेगा थिएटरात. किहोते झाले खोसे साक्रिस्तान, सिनेमा-नाटकातले मुरलेले नट. पालोमा आल्दोन्सा. किहोते जिला आपली प्रेयसी दुल्सिनेआ मानतो ती ही. सेर्वान्तेसच्या कादंबरीत दुल्सिनेआ कधी समोर येतच नाही, ती किहोतेच्या डोक्यात असते. नाटकवाल्यांनी तिला खानावळीतली मोलकरीण करून समोर उभं केलं. मळके कपडे, शिव्या, मारहाण. सतत रेशमी गाऊनमध्ये पाहिलेल्या गायिकेने हे घेतलं, आणि सेर्वान्तेसच्या देशात घेतलं, जिथे प्रत्येकाला त्या पात्राबद्दल मत आहे.

2001 मध्ये पुन्हा साक्रिस्तान आणि ती, 'माय फेअर लेडी'. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. ही संगीतिका शॉच्या ज्या नाटकावरची, त्याच नाटकावरून पुलंनी 1975 मध्ये 'ती फुलराणी' केलं आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा अजरामर केली. या कथेचा जीव भाषेत आहे, त्यामुळे प्रत्येक भाषेत ती नव्याने रचावी लागते. उच्चार सुधारण्यासाठी इंग्रजीत जी ओळ घोकून घेतात ती स्पेनमधल्या पावसाबद्दल आहे. स्पॅनिशमध्ये तिचं झालं 'ला यूव्या एन सेविया एस उना माराविया', म्हणजे सेविया शहरातला पाऊस म्हणजे नवलच. मोठ्याने म्हणून बघा, 'विया'चा तो ठेका जिभेवर किती छान घोळतो.

पालोमा तेव्हा पन्नाशीची होती, आणि 'माय फेअर लेडी'ची नायिका एलायझा विशीतली. यावर नाकं मुरडणारे असतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे संगीत नाटकात साठीच्या नटाने तरुण नायक केला तरी पहिलं पद रंगलं की कोणी वय मोजत नाही. 2005 मध्ये तिने 'व्हिक्टर व्हिक्टोरिया'ही केलं, फ्रान्सिस्को वायादारेस यांच्याबरोबर. बाईने पुरुष होऊन बाईचं सोंग करायचं, अशी दुहेरी भूमिका. ब्रॉडवेवर या दोन्ही भूमिका ज्युली अँड्र्यूजने केल्या होत्या, पण एलायझा विसाव्या वर्षी आणि व्हिक्टोरिया साठाव्या. पालोमाने दोन्ही चार वर्षांच्या अंतरात केल्या.

मधे ऑपेरा गायक प्लासिदो डोमिंगोबरोबरचं गाणं झालं, निरोपाचे दौरे झाले, मग ती लिहायलाही लागली, आठवणी आणि कादंबऱ्या. त्याबद्दल पुन्हा कधी.

आता माझ्या अडचणीकडे येते. आमच्या गटाच्या पुढच्या कार्यक्रमासाठी सज्जातलं ते गाणं मराठीत करायचं घेतलंय. मूळ इंग्रजी ओळ आठ अक्षरांची. स्पॅनिशमध्ये 'नो योरेस पोर मी, आर्खेन्तिना', म्हणजे 'माझ्यासाठी रडू नकोस, अर्जेंटिना'. बोटांवर मोजाल तर नऊ भरतात, पण स्पॅनिश छंदात 'मी'चा शेवटचा स्वर 'आ'त मिसळून एकच धरतात, की झाली आठ. शिवाय इंग्रजीला जो प्रश्नच पडत नाही तो स्पॅनिशला पडतो: देशाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? 'नो योरे' म्हटलं असतं तर ते अदबीचं झालं असतं. त्यांनी 'योरेस' घेतलं, म्हणजे तू. राष्ट्राध्यक्षाची बायको लाखो लोकांना, सगळ्या देशाला, घरातल्या माणसासारखं 'तू' म्हणते. पालोमा त्या 'योरेस'वर जरा रेंगाळते, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळचं वाटलं ते यामुळेच.

मराठीत 'रडू नको, आर्खेन्तिना' अगदी आठात बसतं. 'नको'मधला जिव्हाळाही मिळतो. पण 'माझ्यासाठी' बाहेर राहतं, आणि ते गेलं तर बाई निव्वळ समजूत घालतेय असं होतं, स्वतःकडे लोकांचं प्रेम ओढून घेणारी एव्हा उरत नाही. 'मजसाठी' घेतलं तर जुन्या पदासारखं वाटतं, तरी अक्षरं जास्तच होतात. तीन आठवडे झाले, वहीची दोन पानं खोडून झालीत. ज्यांनी पदं बसवली आहेत, चालीवर शब्द लिहिले आहेत, त्यांनी आधी पालोमाचं ध्वनिमुद्रण ऐका आणि मग कमेंटमध्ये ओळ सुचवा. आठ अक्षरं, 'तू'च हवं, आणि शेवट 'तिना'वर.